मधूचं लग्न लावा!

केबलच्या ऑफिसात सहा वर्षं काढली की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. फोन वाजला की एक, कोणी तावातावाने पायऱ्या चढून आलं की दुसरा. आता ते ऑफिस नाही, त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. तरी आम्ही चार जुनी माणसं जमलो की कोणीतरी म्हणतंच, "ताई, ते मधूचं सांगा ना!" मग मी सांगते. निम्मं सांगून होईपर्यंत सगळे हसत असतात. पुढे कोणी फारसं हसत नाही.

ही देवळीची गोष्ट, दोन हजार सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली. आमचे मालक बंडूभाऊ. गावातली केबल त्यांची आणि केबलवरचं गावचं चॅनलही त्यांचंच. त्यावर काय असायचं? वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेल्या म्हशीची सूचना आणि कोणाकोणाच्या लग्नाच्या कॅसेटी. मी तिथे फोन घ्यायचे आणि पडद्याखालून सरकणाऱ्या जाहिराती लिहायचे.

एक दिवस भाऊ म्हणाले, "वंदनाताई, आपली बी एक सिरियल पाहिजे. आपल्या बोलीतली. तुमचं अक्षर चांगलं हाये, तुम्हीच लिहा!"

अक्षर चांगलं म्हणून लेखिका झालेली मी बहुतेक एकटीच.

सिरियलचं नाव ठेवलं ‘हवा भरून मिळेल’. सायकल दुरुस्तीच्या दुकानात मधू आणि शंकर नावाचे दोन दोस्त, एवढीच गोष्ट. दुकानामागच्या एका खोलीत दोघं राहतात आणि दिवसभर भांडतात. मधूचं काम करायचा प्रशांत. मेडिकल स्टोरवर बसणारा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, कमी बोलणारा. शंकर व्हायचा मनोहर; मोटार वाइंडिंगचं दुकान होतं त्याचं, बायको, दोन मुली, आवाज असा की मायक लागू नये. लग्नाच्या शूटिंगचा हँडीकॅम, दर रविवारी संध्याकाळी सहाची वेळ. दोन महिन्यांत अशी गत झाली की रविवारी सहा वाजता देवळीत पाव्हणा आला तर त्याला पाणीसुद्धा साडेसहाला मिळायचं!

*

चाहता कसा असतो, ते मला तापाच्या भागाने शिकवलं.

त्या भागात मधूला ताप येतो आणि शंकर त्याच्यावर खेकसतो, "काम सोडून झोपला काऊन?" बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी प्रशांतच्या मेडिकलवर तीन घरांतून खिचडीचे डबे आले. प्रशांत ठणठणीत! काउंटरच्या मागे ताप उतरवायच्या गोळ्या विकत उभा!

मनोहरचं मात्र कठीण झालं. भर बाजारात भाजीवालीने त्याची पिशवी धरून ठेवली.

"बिमार मानसावर ओरडता? लाज वाटत नाई?"

"अवो बाई, ते सिरियलमधलं हाये."

"सिरियलमधलं असो नाईतं कोठचं बी असो. मधूले सॉरी म्हना, मंग वांगे नेजा!"

मनोहर थेट ऑफिसात आला. "ताई, पुढच्या भागात माफी मागून टाका बावा. घरी भाजी नाई." मी मागितली. शंकरने मधूच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवली, रात्रभर जागला, आणि गाव खूश झालं. मंगळवारी ऑफिसात कोणीतरी वांगी आणून दिली, ती वेगळीच.

*

गणपतीत एका मंडळाने दोघांना पाहुणे म्हणून बोलावलं. स्टेजवर सूत्रसंचालक म्हणाला, "आता आपली लाडकी जोडी एकमेकांचा हार घालून सत्कार करन!" दोन हार पुढे आले. सनईची कॅसेट कोणीतरी आधीच लावून तयार ठेवली होती. मनोहरने हार घातला तशा शिट्ट्या सुरू झाल्या. प्रशांतने घातला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी अक्षता म्हणून चुरमुरे उधळले. "नाव घ्या, नाव घ्या!" सगळा मांडव पोट धरून हसत होता. मीही हसत होते, खोटं कशाला बोलू?

मनोहर हसत हसत लोकांना नमस्कार करत होता. प्रशांत हाराकडे बघत उभा होता. घरी जाताना तो मला म्हणाला, "ताई, लोकाईले एवढं हसू कायचं येते?"

मी म्हटलं, "अरे, प्रेम करतात तुमच्यावर."

"हो," तो म्हणाला. "हसून राह्यले तोवर करते."

*

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, दुपारी ऑफिसात कोणी नसताना, तो आला आणि खुर्ची ओढून समोर बसला. मधूला स्थळं येतात आणि तो दर वेळी काहीतरी गमतीशीर कारण काढून नाही म्हणतो, असे तीन-चार भाग मी लिहिले होते. पोरीचं नाक मोठं, पोरीचा बाप मोठा, असलं काहीतरी.

"ताई, मधू लग्नाले नाई काऊन म्हनते, ते एकदा खरंखरं लिहा ना."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली नाही. मी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. पण मला एकदम कळलं की इतके भाग मी जे लिहीत होते, ते लिहिता लिहिता मलाच दिसलं नव्हतं. दोन माणसं एकत्र राहतात, एकमेकांचं दुखलं-खुपलं बघतात, एकाला उशीर झाला तर दुसरा दारात उभा राहतो. ह्यात गंमत कुठे होती? गंमत मी वरून टाकत होते, मिठासारखी.

त्या रात्री मी तो प्रसंग लिहिला. मधूची बहीण नवं स्थळ घेऊन येते. मधू म्हणतो, "बाई, मी शंकरले सोडून कोनासंगच राहू शकत नाई. हे हसन्यासारखं नाई. तू तरी हसू नको."

शूटिंगला बहिणीचं काम करणाऱ्या लताबाई होत्या, अंगणवाडीतल्या. त्यांचं पुढचं वाक्य होतं, "काय बोलतं बाप्पा तू!" प्रशांतने आपलं वाक्य म्हटलं आणि लताबाई गप्पच झाल्या. कॅमेरा चालू. त्यांनी फक्त त्याच्या हातातलं ताट खाली ठेवलं. आम्ही तो शॉट तसाच ठेवला.

बंडूभाऊ त्या रविवारी नात्यातल्या लग्नाला हिंगणघाटला गेले होते. भाग आधी बघायला कोणीच नव्हतं.

*

सहा वाजून सत्तावीस मिनिटांनी भाग संपला. अठ्ठाविसाव्या मिनिटाला फोन.

"हे काय दाखवून राह्यले तुम्ही? घरात लेकी-सुना बसल्या हायेत!"

"कोण बोलतंय?"

"कोन बी असो! मधूले असं करता काय?"

"काय केलं मी त्याला?"

"हे असं... तो त्या शंकरवर..." पुढचा शब्द त्यांना सापडेना. मलाही तेव्हा कोणाशी बोलताना सापडत नव्हता, नंतर खूप दिवस सापडला नाही.

मी म्हटलं, "काका, गणपतीत तुम्हीच सगळे नव्हते का म्हणत, नाव घ्या नाव घ्या?"

तिकडून असा आवाज चढला की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. "हसाची गोष्ट वेगळी हाये, बाई! अन् हे वेगळं हाये!"

त्या संध्याकाळी सत्तर-ऐंशी फोन घेतले असतील. शिव्या मोजल्या नाहीत. पण एवढ्यांत कोणी एकानेही ‘मला मधू आवडत नाही’ असं म्हटलं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच. आमचा मधू आम्हाला परत द्या!

*

सोमवारी सकाळी एका गृहस्थाने गच्चीवर चढून, शेजारपाजाऱ्यांना ओरडून सांगत, आमची केबल पक्कडीने तोडली. "हे घाण माह्या घरात नोको!" खाली वीस-पंचवीस लोक जमले, टाळ्याही झाल्या.

मंगळवारी दुपारी त्यांचाच फोन. "आज मॅच हाये. आमच्याकडं दिसून नाई राह्यली. मानूस पाठवा."

"काका, वायर तुम्ही तोडली ना?"

"मी सिरियलची वायर तोडली," ते म्हणाले. "क्रिकेटची कोनं तोडली?"

*

बुधवारी शिष्टमंडळ आलं. दहा-बारा जण होते, पण बोलणारे दोनच. एक कापसाच्या जिनिंगवाले शेटजी, दुसरे गुरुजी. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. बंडूभाऊ, प्रशांत, मनोहर, तिघंही त्यांच्या हाताखालून गेलेले. ते दारात दिसताच बंडूभाऊ खुर्चीवरून उठले आणि शेवटपर्यंत बसले नाहीत.

शेटजी म्हणाले, "देखो बंडूभाऊ, धंदा तुमचा आहे, पण गाव तर सगळ्यांचं आहे ना? हे बंद झालं पाहिजे."

गुरुजींनी हात वर केला. "बंद नको. बंद केलं तर लोक म्हणतील, मधू तसाच राहिला. त्याला सुधारा." आणि त्यांनी पिशवीतून फुलस्केप कागद काढले. तीन भाग त्यांनी स्वतः लिहून आणले होते! सुंदर अक्षर, समास सोडलेला. त्यात मधू बैलबंडीखाली येतो, डोक्याला मार लागतो, सेवाग्रामच्या दवाखान्यात शुद्धीवर येतो आणि डोळे उघडताच म्हणतो, "आई, माझं लग्न करा."

मी वाचलं. कागद घडी करून त्यांच्यापुढे ठेवले. "गुरुजी, मार लागायच्या आधी तो काही बिघडलेला नाही."

"ते तू ठरवणार?"

"मी लिहिते ना त्याला."

"लिहीत असशील. पण मधू तुझा नाही, बाई. मधू गावाचा आहे. पन्नास भाग आम्ही त्याला जेवताना पाहिलं, झोपताना पाहिलं. आमचा हक्क आहे त्याच्यावर."

मला राग यायला हवा होता. आलाही. पण गुरुजींच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. माणूस एखाद्याच्या डोक्यावर बैलबंडी घालायला निघतो आणि त्याच्यासाठी रडतोही. हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं.

बंडूभाऊंनी हात जोडले. "गुरुजी, दोन महिन्यात मधूचं लग्न लावून सिरियल संपवतो. शब्द देतो."

सगळे गेले. शेटजी चपला घालायला मागे राहिले. इकडे तिकडे बघून हळूच मला म्हणाले, "बहनजी, पुढच्या रविवारी शंकरला कळते का?"

*

ह्यापुढच्या दिवसांतलं मी थोडक्यात सांगते. ते सांगताना मजा येत नाही.

मनोहरच्या दुकानाच्या शटरवर रंगाने एक शब्द लिहिला गेला. त्याने तो घासून काढला, तिसऱ्या दिवशी कोणीतरी परत लिहिला. त्याच्या मोठ्या मुलीला शाळेत पोरांनी विचारलं, "तुह्ये बाबा घरी कोनाजवळ झोपते?" ती पाचवीत होती. दप्तर टाकून घरी आली आणि दोन दिवस शाळेत गेली नाही.

मनोहर ऑफिसात आला तेव्हा त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "ताई, मले दोन पोरी आहे. मी आता नाई येत."

प्रशांत तिथेच बसला होता. मनोहर त्याच्याकडे न बघता बोलत होता. "तुह्यावर राग नाई बावा. तू चांगलं काम केलं. पन मले जमत नाई."

"जा ना," प्रशांत म्हणाला. "मी काई म्हटलं काय?"

मी शंकरला सायकलच्या सुट्या भागांच्या खरेदीसाठी अमरावतीला पाठवून दिलं. सिरियलमध्ये माणूस गायब करायचा तर खरेदीसारखं दुसरं कारण नाही.

*

प्रशांतकडे पुलगावचे पाहुणे येणार होते, मुलीचे वडील आणि मामा. ही गोष्ट त्या भागाच्या आधीपासून ठरलेली. मला वाटलं, आता येत नाहीत. पण आले. पोहे झाले, पाणी झालं. मग मामा म्हणाले, "पोरगा शिकलेला हाये, दुकान हाये, आमची ना नाई. फक्त एक. ते टीव्हीवर बोलले ते निव्वळ अ‍ॅक्टिंग होती, एवढं म्हना. विषय खतम."

हे मला प्रशांतनेच सांगितलं, मेडिकलच्या काउंटरवर, मागच्या पेट्या मोजता मोजता.

"मग? म्हटलं ना तू?"

"एवढं सोपं होतं, ताई. चार शब्द. बाबा माह्याकडं पाहून राह्यले होते, आई दाराआडून पाहून राह्यली होती."

"मग?"

"मी म्हटलं, तेवढं मी नाई म्हनू शकत."

त्याचे वडील उठून आत गेले. त्यानंतर कित्येक महिने ते त्याच्याशी बोलले नाहीत. एकाच घरात, एकाच पंगतीला. मीठ पाहिजे असलं तर त्याच्या आईला सांगायचे, "त्याले म्हन, मीठ दे."

हे ऐकल्यावर मी त्याला म्हटलं, "प्रशांत, हे सगळं माझ्यामुळे."

तो म्हणाला, "तुम्ही फक्त लिहिलं, ताई. मागितलं मीच होतं."

*

दर मंगळवारी दुपारी दोनला एक फोन यायचा. उचलला की पलीकडे कोणी बोलत नसे, फक्त पंख्याचा आवाज. चौथ्या मंगळवारी एक बाई बोलली, अगदी हळू.

"मधूले मारान का?"

"नाही."

"लग्न लावान?"

 भाऊंनी शब्द दिलेला, शेवटचा भाग लिहून तयार. शंकरचं अमरावतीहून पत्र येतं, ‘मधू, लग्न करून टाक.’ मधू पत्र वाचतो आणि म्हणतो, "मी लग्नाले तयार हाओ." शूटिंगही झालं होतं. प्रशांतने वाक्य न अडखळता म्हटलं होतं, मेडिकलवर गोळ्यांचा भाव सांगावा तसं.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"देवळीचीच हाये. नाव घेतलं तं तुम्ही ओळखसान." मग एकदम आवाज बदलला. "माह्या लग्नाले अकरा वर्षं झाले, ताई. मले कोनी इचारलं नवतं. तुम्ही जर मधूचं लग्न लावलं नं, तं मी तुम्हाले कधी माफ करनार नाई. सांगून ठेवतो!"

फोन ठेवला. पुन्हा कधी आला नाही. गुरुजींना ‘मी लिहिते ना त्याला’ असं ठणकावणारी मी, त्या दिवशी वही उघडून बसले आणि एक ओळही बदलली नाही. भाऊंचा शब्द, माझी नोकरी, घरचे लोक. कारणं भरपूर होती. सगळी खरी होती.

*

आणि आता तो रविवार.

मे महिना. साडेपाचला लोडशेडिंग सुरू झालं आणि अख्ख्या देवळीचे टीव्ही गेले. शेवटचा भाग सहाला! आमच्याकडे इन्व्हर्टर होता, पण आमच्या इन्व्हर्टरने लोकांच्या घरात लाइट कशी येणार? सहाला दहा कमी असताना पायऱ्यांखाली पन्नास माणसं होती, सहाला तीनशे. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. गुरुजी. शेटजी. मधूला नाही ते बोललेले सगळे.

बंडूभाऊंनी ऑफिसातला टीव्ही खिडकीत आणून ठेवला, तोंड रस्त्याकडे. कॅसेट लावली. एवढी माणसं, पण पोरंसुद्धा रडत नव्हती. ऊन अजून समोरच्या भिंतीवर होतं.

वीस मिनिटं झाली. पोस्टमन मधूच्या हातात शंकरचं पत्र देतो. मधू पाकीट फोडतो...

इन्व्हर्टर बसला, पडदा काळा!

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग जो कल्ला झाला! "पुढं काय? पुढं काय झालं? आम्ही घरी नाई जात!" कोणीतरी खालून खिडकीवर थाप मारली. भाऊ मला म्हणाले, "वंदनाताई, तुम्हीच वाचून दाखवा लवकर." मी वही घेऊन बाहेर आले तर गर्दीतून ओरडा, "वाचू नोका! मधू इथंच हाये ना! त्याले बोलू द्या!"

प्रशांत बाजूला भिंतीला टेकून उभा होता. लोकांनी त्याला हाताला धरून, ढकलून, वरच्या पायरीवर आणला. मी वही त्याच्यापुढे धरली. त्याने पाहिली नाही. चार शब्द तर होते.

तो उभा राहिला. तोंड उघडलं. मिटलं.

"बोल ना बे!"

"तयार हाये म्हन!"

"म्हनते का नाई?"

त्याच्या कानशिलावरून घाम वाहत होता. गर्दी एक पायरी वर आली. मी भाऊंचा हात धरला. भाऊंचा हात माझ्याहून थंड होता.

तेवढ्यात मागून कोणीतरी गर्दी कापत पुढे येताना दिसलं. मनोहर. दुकानातून तसाच आलेला, हातांना वॉर्निश, खिशात टेस्टर. मागे त्याची बायको, दोन्ही मुलींना धरून उभी. तो पायऱ्या चढला आणि प्रशांतच्या समोर उभा राहिला.

मागून एक चप्पल आली आणि त्याच्या पाठीवर फाडकन लागली.

 मनोहर वळला. चप्पल उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि त्याच्या त्या जुन्या आवाजात, मायक नको असलेल्या, म्हणाला, "एकच हाये बावा! दुसरी बी फेक, नाईतं घरी कसा जाशीन?"

आधी एक बाई हसली. मग चार. मग सगळा रस्ता. हसू हळूहळू विरेपर्यंत मनोहर थांबला. मग त्याने चप्पल पायरीवर ठेवली आणि प्रशांतकडे तोंड केलं.

"अमरावतीले सामान नाई भेटलं," तो म्हणाला. आता आवाज अगदी खाली होता, तरी शेवटच्या माणसापर्यंत गेला. "जेवला का तू?"

प्रशांतने बाहीने कानशिलावरचा घाम पुसला.

"नाई. तुह्यासाठी थांबलो होतो."

"मंग चाल."

पण गेले कुठेच नाहीत. जाणार कुठे, सगळीकडे माणसं. दोघं तिथेच वरच्या पायरीवर शेजारी शेजारी बसले.  मनोहरची बायको मुलींना घेऊन पुढे आली आणि खालच्या पायरीवर बसली.

आणि लाइट आली. गल्लीतले पंखे सुरू झाले, कुठल्याशा घरात मिक्सर गरगरला. बंडूभाऊ धावत आत गेले. आतून त्यांचा आवाज आला, "लाइट आली! कॅसेट लावू का पुढची? लग्नाचं राह्यलं!"

तीनशे माणसं. कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना.

मागे सायकल धरून उभा असलेला एक म्हातारा, मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, घसा साफ करून म्हणाला, "राहू द्या, भाऊ. पाहून झालं."